कल्ली बरी आहे

करडई फुलायला लागली की माझं घरात लक्ष लागत नाही. झरीच्या शिवारात ज्वारी निसवलेली असते, हरभऱ्याला घाटे धरलेले असतात आणि मधेच कुणाच्या तरी वावरात तो पिवळा-केशरी पट्टा दिसतो. शाळेतून येताना मी त्या बाजूला मुद्दाम बघत नाही. तरी दिसतोच. घरी येऊन चहा ठेवते, उकळी फुटेपर्यंत परसात जाऊन येते, गॅस बारीक करते, पुन्हा परसात जाते. आमचे हे वर्तमानपत्रातून डोकं वर काढून विचारतात, "काय हरवलंय का तुझं?" हरवलेलं काही नसतं. पण या दिवसांत फोन वाजला की अजून हातातलं काम तसंच राहतं.

ती गोष्ट काही वर्षांपूर्वीची. मी झरीच्या शाळेत शिकवते. हेही शिक्षकच, पण तेव्हा त्यांची शाळा देवगाव फाट्याच्या पुढे होती. शनिवारी यायचे, सोमवारी भल्या सकाळी जायचे. आठवडाभर घरात मी आणि माझे सासरे, अप्पा. पोस्टातून निवृत्त झालेले, ऐंशीला टेकलेले. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, रोज सकाळी डाव्या तळहातावर लिंग घेऊन पूजा. पूजेआधी पाण्याचा घोटही नाही. आमच्या घरात अंडं कधी आलेलं नव्हतं. वाढदिवसाचा केकसुद्धा बिनअंड्याचा आहे ना, असं दुकानदाराला तीनदा विचारून आणायचा.

मधमाश्या आल्या त्या अप्पांच्या पूजेमुळेच. सोमवारच्या पंचामृतासाठी आणलेला बाटलीतला मध बोटावर घेऊन ते दर वेळी तोंड वाकडं करायचे. "हा मध न्हाई, साखरेचा पाक हाय. देवाला फसवायलोय आपण." त्या वर्षी परभणीला मधमाशीपालनाचं तीन दिवसांचं शिबिर होतं. मी सुट्टी टाकून गेले आणि दसऱ्याच्या सुमाराला सातेरी माश्यांची एक पेटी घेऊन आले. ऑटोत पेटी मांडीवर होती. आतली गुणगुण लाकडातून मांड्यांना जाणवत होती. ऑटोवाल्यानं अर्ध्या वाटेत विचारलं, "बाई, यात काय हाय?" मी म्हणाले, "देवाचं सामान."

परसाच्या टोकाला शेवग्याखाली पेटी ठेवली. मुंग्या चढू नयेत म्हणून स्टँडचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत. त्या वाट्या भरायचं काम अप्पांनी स्वतःकडे घेतलं. थंडीत माश्या लवकर बाहेर पडत नाहीत. पेटीवर ऊन आलं की एक येते, दारातल्या फळीवर घुटमळते, मग दुसरी येते. अप्पा खुर्ची टाकून त्यांची वाट बघायचे. मी शाळेची घाई करत डबा भरत असायची आणि बाहेरून आवाज यायचा, "मंगल, निघाल्या गं!" जणू एखादी बस सुटली.

कोंबड्या आल्या त्या फातिमाआपांमुळे. आपांचं घर आमच्या घराला लागून. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती एक लेक नांदेडला दिलेली. एक जाऊ गल्लीच्या टोकाला राहायची, पण तिच्याशी त्यांचं कधीच पटलं नाही. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. भर दुपारी आपा डोक्यावर डालगं घेऊन आमच्या ओसरीवर आल्या. डालग्यात चार कोंबड्या आणि नवाब नावाचा एक तांबडा कोंबडा.

"मंगल, दो महिने की बात है," त्या म्हणाल्या. "बेटी कू सातवाँ लगा. बीपी बढ़ गया बोल के डॉक्टर उठनेच नै देरा. इनकू देखेगी ना?"

मी तोंड उघडायच्या आत अप्पा खुर्चीतून बोलले, "आपा, आमच्या घरात अंडं शिवत न्हाईत."

"अप्पा, मैं खाने को कहाँ बोली? संभालने को बोली."

अप्पांनी खुर्ची पेटीकडे वळवली.

जाताना आपांनी काळ्या कोंबडीला उचलून माझ्या हातात दिलं. ती कल्ली. तिच्या आईला मांजरानं नेलं तेव्हा ती दोन दिवसांची होती. आपांनी तिला चुलीच्या बाजूला खोक्यात ठेवून, बोटानं कण्या भरवून वाढवली होती. तिच्या उजव्या पायाचं एक बोट वाकडं होतं. स्वभावानं तिरसट, पण कुणी बसलं की खुशाल मांडीवर चढायची. "ये मेरी लाडली है," आपा म्हणाल्या, आणि मागं न बघता गेल्या.

आजही त्या महिन्याची आठवण आली की आधी हसूच येतं. अप्पा पहिले दोन दिवस नाक मुरडून बसले. तिसऱ्या दिवशी नवाब पूजेच्या वेळी थेट देवघराच्या उंबऱ्यावर येऊन आरवला. अप्पांच्या तळहातावर लिंग, त्यामुळे हातानं हुसकावता येईना, पूजा चालू म्हणून बोलता येईना. पूजा आटोपल्यावर ते उठले, ज्वारीच्या डब्यातून मूठभर दाणे घेतले आणि परसात फेकले. "भूक लागली आसंल त्याला," एवढंच म्हणाले. त्यानंतर रोज पूजा झाली की दाणे, असा रिवाजच पडला. नवाबाला वेळ पाठ झाली.

अंड्यांचं काय करायचं हा प्रश्न होता. मी ती अंगणवाडीच्या बाईंना देऊन टाकायची. मग कल्ली खुडूक झाली. पिसं फुगवून बसून राहायची, जवळ गेलं की गुरगुरायची. आपांनी फोनवर सगळं समजावलं: टोपलीत भुसा घाल, अकरा अंडी ठेव, दिवसातून एकदा उठव. अप्पांनी कॅलेंडरवर पेन्सिलीनं एकवीस दिवस खुणा केल्या. विसाव्या दिवशी ते टोपलीशी कान लावून बसले. "मंगल, आतून टकटक ऐकू यायलीय." त्यांना ओसरीवरचं माझं बोलणं ऐकू येत नव्हतं, पण ते ऐकू आलं.

नऊ पिल्लं निघाली. कल्लीच्या पंखांखालून एक डोकं बाहेर यायचं, परत आत जायचं. गुडघे दुखतात म्हणून वर्षानुवर्षं खाली न बसलेले अप्पा उकिडवे बसले आणि त्यांना उठवायला मला दोन्ही हात द्यावे लागले.

त्याच आठवड्यात नांदेडहून फोन आला. "नातीन हुई, मंगल."

"कशी आहे?"

"हौ, सब खैरियत."

मी खुशीत म्हणाले, "तुमच्याकडे एक, माझ्याकडे नऊ!" आपा हसल्या. लेकीला सातवा लागला म्हणून गेलेल्या बाईला इतक्या लवकर नात कशी झाली, हे मी बोटांवर मोजलं नाही. हे आता इतकं लख्ख दिसतं की बसल्या जागेवरून उठावंसं वाटतं. तेव्हा माझ्या डोक्यात फक्त पिल्लं होती.

आणि लस. लसीचंही डोक्यात होतं, हेच तर वाईट. जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला नीट सांगितलं होतं की कोंबड्यांची मानमोडी थंडीत येते, पाखरांना लस देऊन घ्या. एका बाटलीत शंभर पाखरांची लस असते, बर्फात आणावी लागते आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. म्हणजे गल्लीतल्या बायकांना सांगून सगळ्यांच्या कोंबड्या एका सकाळी गोळा करायच्या. अवघड काही नव्हतं. आधी शाळेचं स्नेहसंमेलन होतं. मग माझ्या भाच्याचा साखरपुडा. मग म्हटलं, संक्रांत होऊ दे, हळदीकुंकवाला बायका येतील तेव्हा सांगू. येत्या रविवारी, येत्या रविवारी. आता वर्षातून चार वेळा मी स्वतः दारोदार जाऊन सांगते, बायका काखेत कोंबड्या घेऊन आमच्या ओसरीवर येतात, आणि त्या गलक्यातही मला वाटत राहतं की कुणाचं तरी घर राहिलंय.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी एक पिल्लू गोल गोल फिरताना दिसलं. मला वाटलं खेळतंय. संध्याकाळपर्यंत त्याची मान पाठीवर वळली होती. दुसऱ्या दिवशी चार पिल्लं. मग मोठ्या कोंबड्या डोळे मिटून भिंतीशी उभ्या राहायला लागल्या, खाली हिरवी पातळ घाण. डॉक्टर आले. "आता औषध नाही बाई," ते म्हणाले. "लस दिली होती का?" मी मान खाली घातली. नवाब शेवटचा आरवला तेव्हा त्याच्या गळ्यातून शिट्टीसारखा आवाज आला. गल्लीतल्या आणखी दोन घरांत कोंबड्या मेल्या.

कल्ली सर्वांत शेवटी गेली, पाचव्या दिवशी. मी तिला मांडीवर घेऊन चमच्यानं पाणी पाजत होते. मान वळायची, पाणी बाहेर यायचं. मी मान सरळ धरायची, सोडली की परत वळायची. अप्पा पेटीजवळच्या खुर्चीत बसून बघत होते.

लिंबाखाली खड्डा खणत असताना फोन वाजला. हात मातीनं भरलेले. पदराला पुसून उचलला.

"मंगल, कल्ली कैसी है?"

कल्ली माझ्या पायाशी गोणपाटात होती.

"बरी आहे," मी म्हणाले.

त्यानंतर आपांचा फोन रोज यायला लागला. आधी तीन-चार दिवसांतून एकदा यायचा. आता रोज, दुपारी चारच्या सुमाराला, शाळा सुटता सुटता. आणि मी रोज खोटं बोलायला लागले. नुसतं 'बरी आहे' पुरेना, मग मी रचून सांगायला लागले. कल्ली आज पायरीवर येऊन बसली. कल्लीनं अप्पांच्या पायाचा अंगठा टोचला. पिल्लांना पंख फुटायलेत. आपा ऐकत राहायच्या, मधेच 'हौ?' म्हणायच्या, 'और?' म्हणून विचारायच्या. मी आणखी सांगायची. फोन ठेवला की मला घरात थांबवेना. मी मोकळ्या खुराड्यापर्यंत जायची, परत यायची, भांडी पुन्हा घासायची. चाचणीच्या वह्या तपासताना एकाच मुलीला दोनदा गुण दिले. रिकामं परस बघवत नव्हतं म्हणून ओसरीचं दार लावून घ्यायची, आणि दार लावलं की बाहेर काहीतरी कुडकुडतंय असं वाटून परत उघडायची.

एका शनिवारी मी परभणीच्या बाजारात गेले. एका बाईजवळ काळी कोंबडी होती. तशीच टपोरी, तशीच मानेवर चकाकणारी. मी ती हातात घेतली, पाय बघितले. दोन्ही पायांची बोटं सरळ. "काय बघायलीस बाई, पायाचं का लगीन लावायचंय?" ती बाई म्हणाली. मी कोंबडी परत दिली आणि भाजी न घेताच एसटीत बसले. आपल्या मनात काय होतं याची इतकी लाज वाटली की खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर सगळीकडे करडई फुललेली.

अप्पांना सगळं कळत होतं. माझं बोलणं ऐकू येत नाही असं मी धरून चालले होते. एक दिवस फोन ठेवून वळले तर ते दारात उभे.

"काय सांगायलीस तिला?"

मी फोन पदराखाली धरला.

"मंगल, गळ्यात लिंग हाय आपल्या." आणि ते परत खुर्चीकडे गेले. त्या दिवशी त्यांनी माझ्या हातचा चहा घेतला, पण कप परत द्यायला आत आले नाहीत. तिथंच फरशीवर ठेवून दिला.

माश्यांचे मात्र ते भरभराटीचे दिवस होते. करडईच्या परागाचे पिवळे गोळे पायांना चिकटवून त्या परतायच्या; जडपणानं कधी फळीवर, कधी फळीखाली आदळायच्या. मी चौकट उचलून बघितली तर वरच्या अंगाला पांढऱ्या मेणानं बंद केलेला मध. महाशिवरात्रीला घरचा मध पिंडीवर जाणार म्हणून अप्पांनी देवघरातली छोटी चांदीची वाटी चिंचेनं घासून ठेवली.

शिवरात्रीच्या आधीचा रविवार; त्या आठवड्यात हे आले नव्हते. सकाळी अकराच्या सुमाराला अप्पांनी हाक मारली. आवाज वेगळा होता. पेटीपुढची जमीन हलत होती. शेकडो माश्या खाली पडून स्वतःभोवती फिरत होत्या, जिभा बाहेर आलेल्या. बाहेरून येणाऱ्या फळीवर टेकत, दोन पावलं चालत आणि खाली पडत. अप्पा एकेक माशी चिमटीत धरून फळीवर ठेवत होते. ती परत पडायची. ते परत ठेवायचे.

"अप्पा, चावतील."

"चावू दे."

कुणाच्या वावरात फवारणी झाली हे कळायला मार्ग नव्हता. आजूबाजूला सगळ्यांचीच करडई. दुपारी आम्ही दोघं न जेवता बसलो होतो तेव्हा ज्ञानोबा आला. आमच्या परसापलीकडे दुसरं वावर त्याचं. टोपी हातात, अंगाला अजून औषधाचा वास.

"बाई, तुमच्या माशा मी मारल्या," तो उभ्यानंच म्हणाला. "करडईवर मावा लय पडला हो. झाडं काळीठिक्कर. पंप आज सकाळचाच मिळाला, तसाच फवारत सुटलो. तुमच्या पेटीचं ध्येनातच न्हाई राहिलं. आता बांधावर माशा पडलेल्या बघितल्या."

अप्पांनी त्याच्या हातातल्या टोपीकडे बघितलं. मग म्हणाले, "तू आला नसतास तर आमाला कळलं नसतं ज्ञानोबा. चहूकडं करडईच हाय."

"मला कळलं होतं ना अप्पा," तो म्हणाला.

मी उठून आत गेले. पाणी आणायला जाते म्हणून गेले आणि माठापाशी नुसती उभी राहिले. बाहेर अप्पा त्याला बस म्हणत होते. तो पाणी प्यायला, पेटीपर्यंत जाऊन आला. "फवारा तर मारावाच लागतो बाई. पण ऊन कलल्यावर मारीन, आदल्या दिशी सांगून जाईन," असं म्हणून गेला. आजतागायत त्यानं ते पाळलंय. त्यावेळच्या माश्या मात्र टिकल्या नाहीत. राणी आणि ओंजळभर माश्या उरल्या होत्या, साखरपाणी ठेवलं, पण पाडव्याच्या आत पेटी सोडून गेल्या. नंतर दुसरी पेटी आणली. फवारणीचा निरोप आला की मी पेटीच्या तोंडाला जाळी लावते, आणि सकाळी ती काढली ना, हे बघायला शाळेतून कधीकधी मधल्या सुट्टीत घरी येते.

त्या रविवारी चारला आपांचा फोन आला नाही. मीच लावला. सांगायचंच, असं ठरवून लावला. वाजून वाजून बंद झाला. सोमवारी लावला, बंद. मंगळवारी, बुधवारीही तेच. आता मला दुसरीच भीती वाटायला लागली, आणि ती कशाची हे नीट कळेना. शिवरात्रीला बाटलीतलाच मध आणला. अप्पांनी तोच वाहिला.

होळीच्या चार-पाच दिवस आधी, शाळेतून येऊन मी चप्पल काढत होते, आणि बाहेर ऑटो थांबला. आपा उतरल्या. वाळलेल्या, डोळे आत गेलेल्या. मागून लेक, हळूहळू पाय टाकत. आपांच्या छातीशी दुपट्यात गुंडाळलेलं बाळ.

मी अनवाणीच गेटबाहेर गेले. बॅग हातात घेतली नाही, बाळाकडे बघितलं नाही. ऑटोवाल्यासमोरच बोलून टाकलं. "आपा, कल्ली मेली. सगळ्याच मेल्या. संक्रांतीच्या आठवड्यातच. लस द्यायची राहिली माझ्याकडून. मी रोज तुमच्याशी खोटं बोलत होते."

आपांनी ऑटो जाऊ दिला. मग म्हणाल्या, "मेरेकू मालूम है."

"कधीपासून?"

"दूसरेच दिन से. जेठानी का फोन आया था. मरने की खबर देने कू उसकू कभी देर नै होती."

"मग रोज का विचारत होता?"

आपा आमच्या कट्ट्यावर टेकल्या. लेक आमच्या ओसरीवर जाऊन बसली होती; अप्पा तिला पाणी देत होते. "ये बच्ची काच की पेटी में थी मंगल," आपा म्हणाल्या. "सवा किलो की. नाक में नली. डॉक्टर रोज बोलता, आज का दिन देखेंगे. फोन बिगड़ने तक मैं रोज बाहर की बेंच पे बैठ के तेरेकू फोन लगाती थी. तू बोलती, कल्ली सीढ़ी पे बैठी, अप्पा कू टोची. झूठ है, मालूम था. लेकिन पाँच मिनिट मैं मेरे घर में रहती थी."

"आणि मला म्हणायचात, सब खैरियत. मला का नाही सांगितलं?"

"तूने बताई क्या?"

त्यांनी पदरानं बाळाच्या तोंडावरचं ऊन झाकलं. "माफ कर दी ऐसा नक्को समझ," त्या म्हणाल्या. "गुस्सा आया. बहुत आया. अबी भी है. उसकू मैं हाथ पे बड़ी करी थी." त्यांनी बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "किदर गाड़ी उसकू?"

"लिंबाखाली."

त्या तिकडे गेल्या नाहीत. उठल्या, आपल्या दाराशी गेल्या, कनवटीची किल्ली काढून कुलपात घातली. जवळजवळ चार महिन्यांत कुलूप गंजलं होतं. एका हातानं फिरेना. त्यांनी दोनदा झटका दिला, मग मागं वळून मला म्हणाल्या, "पकड़."

मी हात मागे घेतले. "नको आपा. माझ्याकडे नको."

"पकड़ बोली ना. सर के नीचे हाथ रख."

बाळ माझ्या हातात आलं. तिचं वजन हाताला कळत होतं आणि कळत नव्हतंही. डोळे मिटलेले, एक मूठ कानाशी. दुपट्याला दवाखान्याचा वास होता. आपा दोन्ही हातांनी कुलपाशी झटत होत्या. अप्पा काठी टेकत आले, माझ्या बाजूला उभे राहिले आणि वाकून बघायला लागले. त्यांच्या श्वासानं तिचं जावळ हललं.

"नाव काय ठेवलं, आपा?"

"अबी नै रखे. घर आने के बाद रखेंगे बोल के रुकी थी," कुलपावरून नजर न काढता आपा म्हणाल्या.

खट करून कुलूप उघडलं. दार ढकलून त्या आत गेल्या. एक खिडकी उघडल्याचा आवाज आला, मग दुसरी. मी उंबऱ्याबाहेर उभी. त्या येऊन बाळ घेतील म्हणून हात थोडे पुढे केलेले.

"धूळ भौत है अंदर," आतून आपांचा आवाज आला. "मैं झाड़ू मार लेती. तब तक तू रख."

मी बाळ घेऊन तशीच उभी राहिले.